पाण्याच्या रेषेखाली

चार वर्षं नौदलात काढली बाबांनी,
आणि समुद्र पाहिला एकूण अकरा वेळा.
मोजून सांगत.
बाकी सगळा काळ बॉयलरपाशी:
पोलादी पत्र्याच्या पलीकडे पाणी,
अलीकडे एकोणीस वर्षांचा आर्विड सालमेला,
डुलुथच्या सुताराचा धाकटा,
कानांत कापूस, कमरेला घामेजलं फडकं.
"समुद्र कसा असतो?" आम्ही विचारायचो.
"गरम," ते म्हणायचे.

त्यांची पत्रं बिस्किटांच्या डब्यात आहेत अजून.
बंदरांची, बेटांची नावं
कुणा अधिकाऱ्याने ब्लेडने कापून काढलेली,
प्रत्येक कागदाला चौकोनी खिडक्या.
लहानपणी मी त्या डोळ्याला लावून बघायची:
राईचं पीठ मळणारी आई,
तिच्यामागे सरोवर,
लोहखनिज भरून निघालेलं एखादं जहाज.
आई म्हणायची, कापलं त्यात फार काही नव्हतं गं.
हा माणूस जगात कुठेही असो,
शेवटची ओळ एकच:
पायमोजे मिळाले.

परत आले आणि शाळेचा बॉयलर सांभाळू लागले,
एकतीस हिवाळे.
साडेतीनला उठून, बर्फ तुडवत,
पोरांना साडेआठला कोट काढून बसता यावं म्हणून.
वर्गातला रेडिएटर ठणठणला
की मला वाटायचं, बाबांनी खालून हाक मारली.
मी बुटाने दोनदा वाजवून ओ द्यायची.
मिस ऑगार्डने त्यासाठी कोपऱ्यात उभं केलं मला.
कोपऱ्यात पाइप होता.
बरंच झालं.

घरात एक नियम होता, कुणीच न घातलेला:
दार पुरतं लावायचं नाही.
बाहेर उणे तीस,
आई तेलाच्या बिलावरून तोंडाचा पट्टा सोडायची,
आणि बाबा मुकाट्याने खोल्याखोल्यांतून
दाराच्या फटीत लाकडी पाचर सरकवत जायचे.
न्हाणीघरालासुद्धा.
वॉल्टरने सोळाव्या वर्षी आपल्या दाराला कडी बसवली,
ती एका रात्रीत गेली.
बापलेक आठवडाभर बोलले नाहीत.
मग त्याच्या दारात एक जाड हिरवा पडदा आला,
बाबांनी स्वतः शिवलेला, वाकड्यातिकड्या टाक्यांचा.
वॉल्टर साठीचा झाला, अजून जपून आहे तो.

आईला विसर पडत गेला, त्याला नऊ वर्षं लागली.
तिचे केस ते धुवायचे, घास ते भरवायचे,
पाणी आधी स्वतःच्या मनगटावर घेऊन बघायचे.
ती त्यांना "भट्टीवाला" म्हणायची.
"हो बाई, भट्टीवालाच," ते म्हणायचे.
आणि संध्याकाळी तिच्या कानाशी वाकून:
"इल्मा, पायमोजे मिळाले."
ती हसायची.
कशाला, ते तिला ठाऊक नसायचं;
हसायची मात्र नेमकी तिथेच.

सत्त्याण्णवाव्या वर्षी इस्पितळात
रात्रपाळीच्या नर्सने दार ओढून घेतलं
आणि बाबा उठून बसले,
तीन दिवस मानही न उचललेले बाबा.
"लावू नका. डेल्बर्ट आत आहे अजून."
हे नाव आम्ही कधी ऐकलं नव्हतं.
"कोण डेल्बर्ट, बाबा?"
ते आपले हात बघत राहिले, उलटे, सुलटे.
"हुकूम होता. चाक मी फिरवलं."
मग बऱ्याच वेळाने,
"तो आतून वाजवत होता."
मग कॉफी मागितली.

दफनाला दोन खलाशी आले, पांढरे हातमोजे,
थंडीने लाल नाकं, विशीसुद्धा न गाठलेले.
झेंड्याची त्रिकोणी घडी माझ्या हातात दिली.
शिकवलेलं वाक्य न चुकता म्हणाले.
मला विचारायचं होतं,
पोरांनो, समुद्र दिसतो का रे तुम्हाला?
विचारलं नाही.

घर आता माझं.
तेलाचं बिल माझ्या नावावर येतं,
आणि मीही बोलते, आईसारखीच, भरपूर,
रिकाम्या खोल्यांना ऐकू जाईल इतकं.
तळघराच्या दाराखालची पाचर
झिजून पातळ झालीय.
काल नवी तासली.