बारावी ओळ

आजोबांची वही बांधणीतून सुटली होती.
चिकटपट्टी लावताना पान सापडलं:
विष्णू घाट ते हरिपूर संगम, अश्विन, सदतीस साल.
अकरा नावं, अकरा वेळा, शाई तपकिरी पडलेली.
बाराव्या ओळीत नाव नाही.
नुसता एक ठिपका,
टाक टेकवून बराच वेळ तसाच धरल्यासारखा,
पाठच्या पानापर्यंत झिरपलेला.

पंचांपुढं पेच असा
की ऐवळ्यांचा केरबा पोहायला आलाय.
त्याला मागं उभा करावा
तर मागं म्हणजे प्रवाहाच्या वर,
त्याच्या अंगावरनं आलेलं पाणी अकराजणांच्या तोंडात.
पुढं उभा करावा
तर तो शर्यतीतच पुढं.
नदीनं घातलेलं हे कोडं
एक शास्त्री, एक वकील आणि एक सावकार
तासभर सोडवत बसले.
केरबा तोवर खालच्या पायरीवर
मांडीवर वाख वळत होता, सवयीनं.

शेवटी त्याला पलीकडं धाडला, सांगलवाडीच्या काठाला.
तिकडं खडक, भोवरे, मगरीचं भय.
निशाण दिसायचं नाही तुला,
ताशा ऐकलास की उडी मार, म्हणाले.

पोहायला त्याला कुणी शिकवलं नव्हतं.
बाप खालच्या डोहात घायपात कुजत घालायचा,
वर दगड ठेवून, पंधरा-पंधरा दिवस.
ते ओढून काढायला पोरगं बुडी मारायचं.
त्याच वाखाचे कासरे साऱ्या गावच्या बैलांना,
आडावरचा पोहराही त्यांच्याच दोराला.
आड तेवढा त्यांचा नाही.
हे मी आज लिहितोय म्हणून फार काही केलं असं नाही,
हे सगळ्यांना माहीतच होतं.

घड्याळ मुठीत धरून आजोबा टांग्यानं निघाले,
चिंचांच्या सावलीतनं हरिपूरला.
पेवांतून हळद उपसणारे हमाल काठावर आले होते,
कोपरापर्यंत पिवळे.
त्यांना दिसलं: वारणेचा लोट अंगावर घेत
एक डोकं तिरकं नदी कापत येतंय,
आणि त्याच्या मागं, बऱ्याच मागं, अकरा.
हमालांनी शिट्ट्या मारल्या.
पंचांत कुणीतरी घसा खाकरला.
आजोबांनी खटका दाबला होता.
मला हे ठाऊक आहे,
कारण म्हातारपणी झोपेतसुद्धा त्यांचा अंगठा
हवेत काहीतरी दाबायचा.

चांदीचा पेला जमिनीवर ठेवला. उचल, म्हणाले.
केरबानं तो नदीत बुडवला, घटाघटा प्याला.
पुन्हा भरला
आणि पंचांपुढं धरला:
घ्या की. सकाळपास्नं बोलताय.

पेल्याचं पुढं काय झालं, कुणी सांगत नाही.
केरबानं मात्र पस्तीस वर्षं खालच्या डोहात पोरं शिकवली,
कमरेला कासरा बांधून, दुसरं टोक स्वतःच्या दातांत.
आधी मांगवाड्याची, मग कैकाड्यांची,
मग बाजारपेठेतली, घरी न सांगता येणारी.
त्यातलाच एक माझा थोरला काका.
त्याला सर्दी कशी होते, आजोबांनी कधी विचारलं नाही.

आता मी एकसष्ट.
गुडघ्यांसाठी पोहा, म्हणाले डॉक्टर.
महापालिकेच्या तलावावर शिकवायला प्रणोती ऐवळे,
गळ्यात शिट्टी, हातात घड्याळ, केरबाची नात.
पहिल्याच दिवशी मी तिला वहीचं सांगून टाकलं,
ठिपक्यासकट. गुडघाभर पाण्यात उभं राहून.
मला वाटलं होतं, ती काहीतरी बोलेल.
तिनं एवढंच विचारलं,
वेळ किती लागला होता?
नोंदलेला नाही, म्हणालो.
ती थोडा वेळ पाण्याकडं बघत राहिली.
मग तिनं घड्याळ शून्यावर आणलं.
दोर सोडा काका, म्हणाली.

निळ्या-पांढऱ्या मण्यांचा, प्लास्टिकचा दोर.
चौथा आठवडा आहे.
अजून सुटलेला नाही.