डबा नंबर एक्केचाळीस

टेकडी रोड बंद हाये, ऑटोवाला म्हणाला,
मोर्चा हाये, फिरून जा लागते, वीस रुपये जास्त.
मोर्चा कुणाचा, ते त्यालाही माहीत नाही.
डिसेंबरात या गावाकडे सरकार पाहुणं येतं
आणि घरचे लोक मागच्या दारानं जातात-येतात.

मांडीवर पिशवी. बारा अंडी, मैदा, लोणी,
ऑक्टोबरपासून बरणीत भिजणाऱ्या मनुका
(कशात भिजतात, ते पाळकसाहेबांनी विचारू नये)
आणि तीन संत्र्यांची किसलेली साल, वेगळ्या पुडीत.
शलमोन म्हणायचा, साल नसेल तर तो केक मुंबईचा.

बॅरिकेडपाशी बंदोबस्ताला बाहेरून आणलेली पोरगी,
वर्दीवर स्वेटर, नाक लाल.
यात काय?
अंडी.
एवढी?
नाताळ आहे ना, म्हटलं.
तिनं पिशवी दोन्ही हातांनी धरून दोरीपलीकडे दिली,
लोणच्याची बरणी देतात तशी,
आणि पुन्हा कुणावर तरी ओरडायला लागली.

मंगळवारीच्या मागे मुनव्वरभाईंची भट्टी.
वर्षभर पाव आणि खारी, हे आठ दिवस आमचे.
रांगेत रेल्वे क्वार्टरच्या अम्मा, मोहननगरच्या दोन सिस्टर,
आणि गिट्टीखदानचे पीटीचे मास्तर, ज्यांना दरवर्षी वाटतं
आपल्याच डब्यात पीठ कमी पडलं.
इर्शाद परातीत कोपरापर्यंत हात घालून फेटतो.
साखर विरघळली का, हे बोटांना विचारतो.
सालीची पुडी उघडली तेव्हा मात्र थांबला.
साहब नहीं आए इस बार?
नाही, म्हटलं.
त्यानं डब्यावर खडूनं नंबर टाकला. ४१.

घरी आणला तो डबा माझा नव्हता.
भट्टीत खडू अर्धा उडतो, नवाचा एक होतो.
माझ्या डब्याच्या कोपऱ्याला पोचा आहे,
एक्क्याण्णव सालच्या भांडणातला, तपशील राहू द्या.
हा गुळगुळीत. कापला तर आत ओलं खोबरं.
खोबरं!
इर्शादला फोन लावला. म्हणाला,
बाई, अब तक तो उधर भी कट गया होगा.
बरोबर आहे. इकडेही कापलाच होता.
ओट्यापाशी उभ्यानंच एक फोड खाल्ली.
वाईट नव्हता. हे आता कुणाला सांगायचं?

मुलाचा हैदराबादहून फोन, सुट्टी नाही.
चांदणी मीच लावली, स्टुलावर चढून.
स्टूल बोरकुटे वहिनींनी धरलं,
मार्गशीर्षातला गुरुवार, त्यांचा उपास, हात थरथरत होते,
पडाल हो बाई, म्हणत होत्या, आणि सोडत नव्हत्या.
समोरच्या पुलावरून मेट्रो गेली की चांदणी जराशी हलते.

तेवीसच्या रात्री साडेबाराला कॅरोलवाले आले,
टेम्पोतून, कानटोप्या घालून,
गिटारची एक तार तुटलेली, गळे बसलेले.
चहा केला. बशीत केक ठेवला.
सगळ्यात मागचा, नुकती मिशी फुटलेला पोरगा
अर्धी फोड तोंडात धरून म्हणाला,
आंटी, आमच्याकडे असाच असतो, खोबऱ्याचा.
यंदा मम्मीला काय झालं माहीत नाही, कडू लागते.
कडू?
थोडासा. पण पप्पा रोज खाऊन राहिले.

त्याच्या हातावर आणखी एक फोड ठेवली.
डबा दाखवायला आत वळले,
घासून, पालथा घालून ठेवला होता,
तोवर बाहेर टेम्पोनं दोनदा खोकून जीव धरला.
गल्लीतली कुत्री त्यांच्यामागे चौकापर्यंत गेली.

पप्पा रोज खाऊन राहिले,
मी मोठ्यानं म्हणून पाहिलं,
आणि दाराची कडी लावायची राहिली.