यावे

पुएब्लात माझ्या घरमालकाला सगळे
दोन एलेउतेरिओ म्हणायचे.
पहिला आठवडाभर मी दुसऱ्याची वाट पाहिली.
मग कळलं, तिथलं दोन म्हणजे आपलं राव.
माणूस एकच होता, तोही बुटका,
माडीखाली रंगाचं, खिळ्यांचं, दोरखंडाचं दुकान चालवणारा.

माडीची किल्ली त्यानं माझ्या तळहातावर ठेवली
आणि म्हणाला, यावे.
मी म्हटलं, आलोच की.

त्यांची भाषा मी अशी शिकलो, त्याच्या गल्ल्याशी,
एकाच शब्दावर पुन्हा पुन्हा ठेचकाळत.
बुधवारी नळाला पाणी आलं,
त्याची बायको हेर्मेलिंदा जिन्याखालून ओरडली:
यावे! बंद कर, वाहतंय!
पाइपवाला रेफूहिओ मागायला आला सतरा नंबरची यावे,
एलेउतेरिओनं फळीवरून पान्हा काढून दिला.
(माझ्या भाषेत पान्हा आईलाही फुटतो,
हे मी कुणाला सांगणार.)
थोरला नाबोर सोमवारी रात्री
जांभळा मुखवटा चढवून आखाड्यात उतरायचा.
समोरच्याची मान काखेत, खांदा गुडघ्याखाली,
असा पेच बसला की बाकांवरची पोरं, म्हाताऱ्या
एका दमात: यावे! यावे!
आणि सित्लाली, धाकटी, गणिताची मास्तरीण,
फळ्यावर महिरपी कंस काढी. ती पण यावेच.
आत काही नसलं तरी कंस लागतोच, म्हणायची,
नाहीतर रिकामं आहे हे कळणार कसं?

फेब्रुवारीत एलेउतेरिओच्या डोक्यात शीर फुटली.
हात आला परत, पाय आला,
शब्द नाही आले.
एक सोडून.

यावे, म्हणाला तो, खिडकीकडे पाहत.
हेर्मेलिंदानं धावत जाऊन न्हाणीतली तोटी आवळली.
त्यानं मान हलवली. यावे.
दुकानाच्या किल्ल्यांचा जुडगा उशाशी ठेवला.
यावे.
रेफूहिओ सात वर्षांपूर्वी नेलेला तो पान्हा
घासूनपुसून, ओशाळून परत घेऊन आला.
म्हातारा हसला. मान मात्र हलवलीच.
नाबोरनं त्याचा हात घेऊन स्वतःच्या मानेभोवती घातला.
पहिला पेच बापानंच शिकवला होता,
वाळत घातलेल्या चादरींखाली,
हे आम्हाला तेव्हा कळलं.
सित्लालीनं कागदावर कंस काढून पेन त्याच्या बोटांत दिलं.
आत त्यानं काही लिहिलं नाही.

डॉक्टरीण म्हणाली, अर्थ शोधू नका,
अडकलेला शब्द आहे, कुलपात मोडून राहते ना, तसा.
काय मोडून राहते, ते नाव तिनं टाळलं.

मी जिन्यात उभा.
तीन वर्षं ऐकत होतो,
आणि दर वेळी, अर्थ लागायच्या आधी,
निमिषभर तो शब्द माझ्या घरचा असायचा:
लग्नपत्रिकेच्या तळाशी असतो तो,
पोस्टकार्डाच्या शेवटच्या ओळीत,
जागा संपत आल्यावर बारीक अक्षरात,
सवडीनं यावे.
हे त्या घरात सांगायचं कसं, आणि काय म्हणून?
ती माझ्या कानाची चूक होती,
त्याच्या तोंडचा अर्थ नव्हता.

तरी गेलो. खुर्ची ओढून बसलो.
यावे, म्हणाला.
आलो, म्हटलं मी, मराठीत.
त्यानं माझं मनगट धरलं,
अंगठा नेमका नाडीवर.
सोडवून पाहिलं, सुटेना.
दारातून नाबोर म्हणाला,
असं नाही सुटायचं, कोपर आत घ्या.

न्हाणीत तोटी पुन्हा ठिबकायला लागली होती.
कुणी उठलं नाही.