विव्ह क्रिस्टी, १९६६

दर नोव्हेंबरात शाळा मला बोलावते.
शिडी, खडूची दोरी, वर्खाची चोपडी,
खारीच्या केसांचा चपटा कुंचला. तो आधी गालावर फिरवायचा,
कातडीचं तेल लागलं की वर्ख त्याला धरून राहतो.
सभागृहाची दारं लावून घेतो.
झुळूक आली की सोनं उडतं,
आणि सोन्याचे पैसे शाळा मोजून देते.

मलिन्डा क्रीक हायस्कूल, मेलबर्नच्या पूर्वेला.
अठ्ठावन्न सालापर्यंत इथे नासपतीची बाग होती.
झाडं तोडली, नावं तेवढी ठेवली:
बॉस्क, पॅकहॅम, विल्यम्स, जोसेफीन.
क्रीडादिनाचे चार गट.
मी जोसेफीनमध्ये. त्यापायी मार खाल्ला, दिलाही,
आणि पंधराव्या वर्षी रंगाऱ्याच्या हाताखाली गेलो.

एक झाड उरलंय, सायकलींच्या शेडमागे.
फेब्रुवारीत नवी पोरं येतात,
डोळ्यांवर उतरलेल्या हॅट, बुटांनी सोललेल्या टाचा.
बारावीवाले प्रत्येकाला त्या झाडाची एकेक फोड देतात.
दगड. चावायची, तोंड वाकडं करायचं नाही.
कुणी सांगत नाही की हे फळ झाडावर पिकत नाही,
काढून फडताळात ठेवावं लागतं.
मला चाळिशीत कळलं, बायकोकडून.

गेल्या नोव्हेंबरात मी शिडीवर असताना दार उघडलं.
वर्ख उडाला. मी शिवी हासडली.
खाली एक म्हातारी.
"सहासष्टची ओळ कुठाय?"
कुठे असणार! माझ्या हातची पहिलीच ओळ ती,
शाळेची कॅप्टन, विव्ह क्रिस्टी.
मग मान तिरकी करायची लकब ओळखली.
पॅकहॅमची. पळण्यात आम्हा सगळ्यांना धूळ चारायची.
म्हातारी म्हणे! माझ्याच वर्गातली.

मुख्याध्यापक ऑल्डरसन तेव्हा म्हणाले होते,
नाव लांब, फलक अरुंद, सोनं महाग.
चिठ्ठीवर अकरा अक्षरं लिहून दिली.
मी अकरा रंगवली. सतरा वर्षांचा होतो,
हात थरथरला नाही याचाच आनंद.

"विव्ह मी कधीच नव्हते," ती म्हणाली.
पारास्केवी ह्रिसान्थोपुलू.
"बाबा याच बागेत फांद्या छाटायचे.
बक्षिसांच्या रात्री फलकासमोर उभे राहिले,
वरून खाली, पुन्हा वरून खाली,
बोटाने एकेक अक्षर जुळवत.
मी सांगितलं, पुढच्या वर्षी घालणार आहेत."

मी मोजलं. इंग्रजीत पंचवीस.
आडनावाचा अर्थ तिनेच सांगितला: सोनफुलाच्या घरातली.
"तुझं थोडं सोनं वाचेल," म्हणाली, आणि हसली नाही.

जुनी ओळ खरवडायला दुपार गेली.
विव्हच्या व्हीचा ओरखडा राहिलाय,
उन्हं तिरपी आली की दिसतो.
नवी ओळ घातली. अक्षरं बारीक केली नाहीत.
शेवटची चार चौकटीच्या लाकडावर चढली.

समितीचं पत्र आलंय.
विनापरवानगी, एकसारखेपणा, चौकटीचं नुकसान, वगैरे.
उत्तर लिहिलेलं नाही. बिलही पाठवलेलं नाही.

शिपाई सांगत होता,
सातवीची पोरं परीक्षेला जाताना उड्या मारून
त्या चार अक्षरांना बोट लावतात.
का, ते त्यांनाही ठाऊक नाही.
वर्ख झिजणार.
शिडी गाडीतच ठेवलीय.