शेपटीची लांबी

मिरजेत, दवाखान्यांच्या गल्लीत, तिसऱ्या मजल्यावर
पडदे ओढून मी दुपारची रात्र करते
आणि भिंगाखाली माणसांचे धूमकेतू मोजते.
कामच आहे ते माझं.
धड पेशी गोल उमटते,
परातीत मळून ठेवलेल्या उंड्यासारखी.
आतला धागा तुटलेला असेल
तर मागं शेपटी सांडते, उजेडाची.
दिसायला सुंदर. हीच अडचण.

आज काचेवर महिपती एडके,
वय एक्केचाळीस, मणेराजुरी,
धंदा : बागेत फवारणी.
सुईसाठी हात पुढं केला तेव्हा नखांच्या कडा निळ्या होत्या.
मला मतदानाची शाई वाटली.
पण दहाही बोटांना?
"मोरचूद हाय, ताई. जात न्हाई."

मग आपणहून म्हणाला,
"वेलीचं मी लांबनं सांगतो.
पान बारकं, घडात मणी लहानमोठं : जस्त कमी.
मोरचूद जादा झालं की पान करपतं.
माणसाचं कशावरनं वळखायचं?"

शंभर पेशी मोजल्या.
बासष्ट शेपट्या.

जस्त लागतं तरी किती?
अख्ख्या देहात मिळून दोन चिमटी.
तांबं त्याहून कमी,
सोनार मंगळसूत्राच्या वाट्यांत मिसळतो तेवढं.
पण ते जागा सोडून भटकू लागलं
की ठिणग्या पाडत हिंडतं धाग्याजवळून,
आणि तुटलेलं शिवणारे कारागीर
जस्तावाचून बसून राहतात,
सुई आहे, अंगठा नाही, असे.

संध्याकाळी घरी जाताना
मौलाचाचांच्या दुकानापाशी थांबले.
तंबोऱ्याची जवारी लावत होते.
घोडीवर कानस एकदा फिरवायची,
तार छेडायची, मान हलवायची. नाही.
पुन्हा एकदा.
"जास्त घासलं तर?"
"घोडी वाया."
"कमी?"
"तार मुकी."
मग तारेखाली सुताचा दोरा घातला,
पुढं, मागं, केसभर मागं,
आणि एका जागी लाकूड बोलायला लागलं.
त्या दोऱ्याला ते जीव म्हणतात.
मी रिपोर्टात असं काही लिहू शकत नाही.

मी लिहिलं :
धागे तुटण्याचं प्रमाण अधिक.
रक्तात तांबं वर, जस्त खाली.
डॉक्टरांना दाखवणे. फेरतपासणी सहा महिन्यांनी.

तो कागद उलटासुलटा बघत म्हणाला,
"जस्ताच्या गोळ्या दुप्पट घेतल्या तर
लवकर भरून येईल का?"
नको म्हटलं. जस्त फार झालं
तर ते तांब्याला घराबाहेर काढतं,
आणि तांब्यावाचूनही माणूस चालत नाही.
तो हसला.
"म्हंजे वेलीगतच की."

हातमोज्यांचं मी दोनदा सांगितलं.
त्यानं दोनदा हो म्हटलं.
मग निळ्या बोटांवर महिने मोजले,
"सा म्हैने. म्हंजे खरड छाटणी उरकली की येतो."

नखं मुळापासून नवी यायला
साधारण तेवढेच दिवस लागतात.
हे मी बोलले नाही.
तेव्हा बघेन.