दोनशेत एक कमी

रेंजवरून पोतं येतं.
डोमाजी काटेंगे पडवीत उपडं करतो:
पितळी पुंगळ्या, बुडाशी काजळी,
तोंडाला अजून जळका वास.

रात्रभर चिचेच्या कोळात,
मग ड्रममध्ये धानाचा कोंडा घालून
हात भरून येईस्तोवर फिरवायचं.
राइस मिलवाल्याला वाटतं, कोंबड्यांना नेतो.

सुकली की एकेक फरशीवर टाकून ऐकायची,
बाजारात मडकं वाजवून घेतात तशी.
चिरलेली नुसतं ठक्क करते. ती भंगारात.
वाजणारी पुन्हा भरायला जाते,
कुठं, कोणावर, ते रजिस्टरात नसतं.

आज एक कमी.
दोनदा मोजलं.

तेवढ्यात बांधावरून शिटी:
नात रोशनी, ओठाशी पितळ धरून
टिटवीला चिडवतेय.

डोमाजीनं पेनाचं टोपण काढलं.
चांगल्या, एकशे नव्व्याण्णव.
चिरलेली, एक.