मागे घेताना

पारसिकच्या पोटात शिरण्याआधी माझी चौकी.
समोर फळी, फळीवर खिळे.
आत जाणारा आपला पितळी बिल्ला खिळ्याला लावतो,
बाहेर येणारा काढून नेतो.
डोंगरात किती माणसं आहेत
ते डोंगराला माहीत नसतं. मला असतं.

सत्तावीस नंबर पद्माकर मढवी, तळवलीचा.
ह्याच डोंगराच्या खाणीत त्याच्या बापाने खडी काढली.
"बापानं डोंगर भायरशी फोरला, मी आतनशी,"
म्हणायचा, आणि दिवा तपासून घ्यायचा.
दिवा गोल फिरवला की ये,
आडवा हलवला की थांब.

कारण लोडरवाल्याला मागचं दिसत नाही.
उजव्या मागच्या चाकापाशी एक तुकडा काळोख असा
की म्हैस बांधली तरी कळणार नाही,
हे लोमेश्वर नेताम स्वतः सांगायचा, हसून.
त्यासाठी भोंगा. मागे घेताना पीं, पीं, पीं.
उघड्यावर ठीक आहे. आत तो भिंतींवर आपटत राहतो,
पंख्याच्या घरघरीत कालवला जातो,
पाळी संपल्यावर डब्याचं झाकण उघडलं
तर त्यातूनही वाजतो.

वायर कोणी काढली, चौकशीत विचारलं.
लोमेश्वर म्हणाला, मी.
त्या आठवड्यात सगळेच म्हणाले होते, कर बाबा बंद.
मढवीही म्हणाला होता.
मीही. माझ्या चौकीपर्यंत यायचा तो आवाज.
मला कोणी विचारलं नाही.

पहाटेचे तीन वीस. ताज्या सुरुंगाचा धूर अजून बसलेला,
हवेच्या नळीची शिवण उसवलेली,
ती बघायला मढवी बाजूला झाला.
दोन पावलं.

काम थांबलं. सगळे बाहेर आले,
एकेक बिल्ला निघाला, कोणी कोणाकडे न बघता.
स्ट्रेचरही गेलं माझ्यासमोरून.
पण ज्याचा बिल्ला त्यानेच काढायचा, असा नियम.
उजाडेपर्यंत माझ्या हिशेबाने
डोंगरात एक माणूस होता.

आता नवे भोंगे आहेत, लोखंडी जाळीत कुलूपबंद.
हात लावला तर तीन दिवसांचा पगार.
लोमेश्वर कांकेरला गेला. जाताना बिल्ला मागत होता,
स्वतःचा नव्हे.
मी म्हटलं, बसत नाही नियमात.

घणसोलीत आमच्या गल्लीत पाण्याचा टँकर मागे येतो
तेव्हा कुठलीशी आरती वाजते. पोरं टाळ्या पिटतात.
मी भिंतीला पाठ लावतो
आणि हात आपोआप आडवा हलू लागतो,
रिकामा, भर उन्हात.
ड्रायव्हर काच खाली करून डोकं काढतो:
"काका, अजून जागा आहे की!"